दुसऱ्याच्या भट्टीतला घास

मे महिना उजाडला की आई माळ्यावरून पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा खाली काढायची, सोड्याच्या पाण्यानं धुऊन अंगणात पालथा घालायची, आणि आम्हा भावंडांना कळायचं की बिस्किटांचा दिवस जवळ आलाय. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात तेव्हा एकच बेकरी होती. एस. टी. स्टँडच्या मागे, लाकडाच्या वखारीला लागून. मालकांना सगळं गाव चाचा म्हणे. घरचं गव्हाचं पीठ, साखर दळून केलेली पिठी, डालड्याचा पुडा, तांब्याभर दूध आणि पुरचुंडीत वेलदोडे असा सरंजाम घेऊन आई आणि शेजारच्या काकू दुपारी दोनच्या सुमारास तिथं जाऊन बसत. चाचांच्या पदरचा असायचा तो फक्त अमोनिया. मजुरी पिठाच्या किलोवर ठरलेली.

दोनला जायचं आणि आपला नंबर लागायचा पाच-सहाला. "भट्टी उतरू दे की, वहिनी," एवढंच चाचा म्हणायचे. भट्टी उतरणं म्हणजे काय ते मला फार पुढं कळलं. लाकडाच्या भट्टीला विस्तव पोटात घ्यावा लागतो. विटांचा तो घुमट आणि तळाची फरशी तापली की निखारे ओढून बाजूला करायचे, आणि मग दिवसभर त्या साठवलेल्या उष्णतेवर काम काढायचं. पहिल्या कडक तावावर पाव. ताव जरा मवाळला की बिस्किटं, नानकटाई, केक. आणि अगदी शेवटी, भट्टी नुसती कोमट राहिली की आदल्या दिवशीच्या पावाच्या कापा पसरून ठेवायच्या; रात्रभर त्या वाळत, आणि सकाळी गावाला टोस्ट मिळे. एकदा पेटवलेल्या लाकडाचा शेवटचा चटकासुद्धा फुकट जात नसे. (बिस्कीट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'दोनदा भाजलेलं' असा आहे. त्या हिशेबानं आपला टोस्ट हेच खरं बिस्कीट, आणि आपण ज्याला बिस्कीट म्हणतो ते उगीच मिरवतंय.)

आमच्या पिठाचा नंबर लागला की एका हातयंत्रातून खाचाखाचांची लांब पट्टी बाहेर पडायची. दांडा फिरवायला मिळावा म्हणून आम्हा पोरांची मारामारी. पट्टी पत्र्यावर घ्यायची, सुरीनं बोटाएवढे तुकडे पाडायचे, आणि पत्रा भट्टीत. उघडताना अमोनियाची अशी वाफ यायची की डोळ्यांतून पाणी. मोडकी बिस्किटं कागदावर मिळत, ती तिथंच गरम गरम संपत. भरलेला डबा सायकलच्या कॅरियरला बांधून घरी यायचा, पण झाकण लावायचं नाही, पूर्ण निवू द्यायचं, नाही तर बिस्किटं सादळतात. त्या एका रात्री ती उघड्या डब्यातली बिस्किटं राखणं हे आजीचं काम होतं आणि ती ते चोख करायची.

आमच्या घरात विकतचं खाणं फारसं येत नसे. पापड, कुरडया, सांडगे, लोणची, मसाले, शेवया सगळं घरचं. मग बिस्किटांसाठीच बाहेर का जावं लागे? उत्तर सोपं आहे आणि तेच या पुस्तकाचं बीज आहे. मराठी स्वयंपाकघरात तवा आहे, कढई आहे, मोदकपात्र आहे; भट्टी नाही. भाकरीला खालून आच लागते, पुरीला तेलातून, मोदकाला वाफेतून. चारी बाजूंनी कोरडी धग देणारी जागा आपल्या चुलीत नव्हती आणि अजूनही बहुतेक घरांत नाही. ओव्हन आले, पण त्यांत बहुधा वाढदिवसाचा केक होतो आणि एरवी पातेली ठेवली जातात. म्हणून पाव हे आपलं रोजचं एकमेव धान्यान्न असं आहे, जे घरी होत नाही. ते दुसऱ्याच्या भट्टीतून येतं. आणि ते शिळं व्हायच्या आत पोचायला हवं, म्हणून तो दुसरा फार लांबचा असून चालत नाही.

गेली काही वर्षं मी वसईपासून काणकोणपर्यंतच्या आणि घाटावरच्या बेकऱ्यांतून हिंडले, खाल्लं, ऐकलं, रात्री-अपरात्री भट्टीपाशी उभी राहिले. या पुस्तकात त्या भेटी आहेत. पाककृती थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्या घरी जमतील अशी हमी मी देत नाही.

'दुसरा' म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न येतो: कोण दुसरा? पावाचा मराठी मुलखातला इतिहास हा बराचसा या प्रश्नाचाच इतिहास आहे.

पाव पायांनी तुडवतात म्हणून त्याचं नाव पाव, असं मी लहानपणी ऐकलं होतं. चार तुकड्यांतला एक म्हणून पाव, हेही ऐकलं होतं. दोन्ही व्युत्पत्त्या घरगुती. शब्द पोर्तुगीजांचा आहे, त्यांच्या भाषेत तो नाकातून निघतो आणि आपल्या कानाला 'पांव'सारखाच वाटतो. पण पायांची गोष्ट टिकली याचं कारण ती सोयीची होती. ज्याला पाव खायचा नव्हता त्याला ती न खाण्याचं कारण पुरवत होती.

पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतला, १५३४च्या तहानं वसई त्यांच्याकडे आली आणि १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. या दोनशे वर्षांची एक गोष्ट वसईत आणि गोव्यात दोन्हीकडे सांगतात: पाद्र्यांनी गावाच्या विहिरीत पाव टाकला, लोक नकळत ते पाणी प्यायले आणि गावच्या गाव बाटलं. गोष्टीत तथ्य किती ते असो, तिचं गणित बघण्यासारखं आहे. पाणी सगळ्या गावाचं, पाव परक्याच्या हातचा. भिजून विरघळणाऱ्या एका तुकड्यात माणसाला जातीबाहेर काढण्याची ताकद आहे असं ज्या समाजाला वाटत होतं, त्या समाजाला आज टपरीवर उभं राहून दोन वडापाव खाताना पाहिलं की मला त्या विहिरीची हटकून आठवण येते.

मधला टप्पा पुण्यातला आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली, आणि शहर पेटलं. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. इतिहासाच्या पुस्तकांत याला चहाचं प्रकरण म्हणतात आणि बशीतल्या बिस्किटांचा उल्लेख ओझरता येतो. माझ्या विषयाच्या अभिमानापोटी मी त्यांची इथं नोंद करते.

त्यानंतर पाव घरात शिरला तो मागच्या दारानं, आजाऱ्याचं अन्न म्हणून. तापात दूध-पाव, बाळंतिणीला टोस्ट, दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना मोसंब्यांसोबत पावाचा पुडा. डॉक्टरनं सांगितलंय म्हटल्यावर सोवळं जरा बाजूला सरकायचं. माझी आजी शेवटपर्यंत पाव खाल्ला की 'आज बरं नाही वाटत' असं म्हणायची. आधी पाव, मग आजार.

गोव्यात हा संकोच लवकर संपला, किंवा त्याचं रूप बदललं. तिथं पाव भाताच्या मुलखात आला. गव्हाचं पीक नाही, आणि युरोपात वापरतात तसं खमीरही हाताशी नाही. मग कुणीतरी माडाकडे पाहिलं. माडाची सूर काढली की उन्हं चढेपर्यंत ती आपोआप फसफसू लागते, कारण हवेतलं आणि मडक्यातलं जंगली खमीर तिच्या साखरेवर तुटून पडतं. ती सूर पिठात घातली की पीठ फुगतं. पावाच्या एका टोकाला असा माडावर चढणारा रेंदेर होता आणि दुसऱ्या टोकाला भट्टीपाशी बसलेला पदेर. पदेर हा शब्दही पोर्तुगीज 'पादेयरू'चाच, पण आता इतका कोकणी झालाय की त्याचा उगम सांगावा लागतो. साळसेत तालुक्यातल्या माजोर्ड्याचं नाव या धंद्यात पहिलं घेतात. जेझुइट पाद्र्यांनी तिथल्या ख्रिस्ती चार्डो कुटुंबांना ही विद्या दिली असं सांगतात, आणि तिथून पदेर गोवाभर, मग मुंबईपर्यंत पसरले. भायखळ्याची अमेरिकन एक्स्प्रेस बेकरी १९०८ची आणि गोवेकरांचीच.

गोव्याच्या टोपलीत काय काय असतं हे मी पुढं एका अख्ख्या प्रकरणात लिहिलंय, तरी इथं मोह आवरत नाही. उंडो: वरून टणक, गोल, आतून मऊ, रस्सा ओढून घेणारा. पोई: कोंडा लावलेली, चपटी, आत पोकळ खिसा असलेली, फोडली की तिच्यातून वाफ निघते आणि त्या खिशात चोरिस भरा, भाजी भरा, नुसतं लोणी फासा. कात्रेचो पाव: कातरीचा काप दिल्यामुळं फुलपाखरासारखा दोन पंखांनी उघडलेला. कांकणं: नावाप्रमाणं बांगडीसारखी, कुरकुरीत, चहात बुडवायची, आणि दात यायला लागलेल्या पोराच्या हातात द्यायची. यांतलं एकही दुसऱ्याची जागा घेत नाही. शाकुतीबरोबर कांकण मागितलंत तर घरातली आजी तुमच्याकडे काळजीनं बघेल.

पहाटे आणि संध्याकाळी, दोनदा, सायकलच्या कॅरियरला मोठी टोपली, टोपलीवर निळं प्लॅस्टिक, आणि हँडलवर रबरी भोंगा. पोंप, पोंप. या आवाजावर गावाचं घड्याळ चालतं. फाटकाला पिशवी टांगलेली असते, पिशवीत सुटे पैसे. पदेर पैसे काढतो, पाव ठेवतो, पुढं जातो. दार उघडावं लागत नाही, 'किती देऊ' विचारावं लागत नाही. पाहुणे आल्याचं पिशवीतल्या जादा नाण्यांवरून त्याला कळतं, आणि दोन दिवस पिशवी दिसली नाही तर तो शेजारी चौकशी करतो. मडगावजवळ एका घरी मी आठवडाभर राहिले होते. चौथ्या दिवशी पदेरानं यजमानीणबाईंना विचारलं, पुण्याची बाय पोई खाते की उंडो? त्यानं मला तोवर पाहिलंही नव्हतं. शालेय इंग्रजी पुस्तकातून लुसियो रॉड्रिग्ज यांचा गोव्याच्या पदेरावरचा धडा भारतभरच्या दहावीच्या मुलांनी वाचलाय. त्यात हाच माणूस आहे, फक्त सायकलऐवजी हातात बांबूची काठी घेतलेला.

आज बहुतेक गोवेकर भट्ट्यांत सूर नाही, पाकिटातलं खमीर आहे. माडावर चढायला माणूस मिळत नाही आणि सूर मिळाली तर ती पिठात घालण्यापेक्षा पिण्यात किंवा फेणीत जास्त पैसे आहेत. भट्टीपाशी राबणारे बरेचसे हातही आता परप्रांतातले आहेत. यावर हळहळ व्यक्त करणारं पुष्कळ लिहिलं जातं. मला त्या हळहळीत थोडी गंमत वाटते. ज्या पावाची जन्मकथाच परक्याचा पदार्थ इथल्या माडाशी जुळवण्याची आहे, त्याला नवे हात लागले तर बिघडलं कुठं? सुरेची आंबूस चव गेली, हे मात्र खरं नुकसान आहे. एकदा ती चाखली की पाकिटातल्या खमिराचा पाव गुळगुळीत वाटतो.

मुंबईत या गोवेकर धाग्याला इराणी धागा येऊन मिळाला. याझ्द आणि केरमानकडून आलेल्या झरतुष्ट्री इराण्यांनी चहाची दुकानं थाटली आणि त्यांना पाव हवाच होता. धोबी तलावचं कयानी १९०४चं, ग्रँट रोडचं मेरवान १९१४चं, पुण्यातली ईस्ट स्ट्रीटची कयानी बेकरी १९५५ची. ब्रुन मस्का, बन मस्का, मावा केक, श्रूजबरी यांवर इतकं लिहून झालंय की मी आवरतं घेते. एवढंच सांगते की ब्रुन चहात बुडवताना चहा थोडा सांडलाच पाहिजे. न सांडता खाणारा माणूस मला पूर्ण भरवशाचा वाटत नाही.

मग १९६६. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी बटाटावडा पावात घातला. पाव पोर्तुगीज शब्द, बटाटा पोर्तुगीज शब्द, मिरची आणि चटणीतला शेंगदाणा अमेरिका खंडातून त्यांच्याच जहाजांच्या वाटेनं आलेला. आपलं काय, तर बेसन, लसूण आणि घाई. लादीपावाला यापुढं कुणी परका म्हणायची सोयच उरली नाही.

घाटावर मात्र एक वेगळीच फांदी फुटली. १९६५मध्ये सरकारनं मॉडर्न ब्रेडचे कारखाने काढले (२०००मध्ये ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरला विकली), आणि मेणकागदातला कापलेला ब्रेड तालुक्या-तालुक्यात पोचला. मुंबईकर मिसळीबरोबर पाव खातो. कोल्हापुरात आणि पुण्याच्या जुन्या मिसळवाल्यांकडे ताटलीत येतो तो स्लाइस ब्रेड. यावर मी दोन्ही बाजूंच्या लोकांशी वाद घातलाय. कोल्हापूरकर म्हणतो, पाव कट सोसत नाही, ब्रेड कट पितो. शास्त्रानं पाहिलं तर त्याचं म्हणणं चूक नाही, पण मी मुंबईच्या बाजूची आहे. आणि गेल्या काही दशकांत कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातून आलेल्या अय्यंगार बेकऱ्यांनी पुण्यापासून पार आडगावांपर्यंत खारी, टोस्ट आणि बिनअंड्याचा केक नेला. ज्यांना चाचांच्या बेकरीची पायरी चढायची नव्हती, त्यांच्यासाठी पाटीवरच्या 'अय्यंगार' या अक्षरांनी काय काम केलं असेल, हे वेगळं सांगायला नको. 'कोण दुसरा?' हा प्रश्न विहिरीतून निघून पाटीवर येऊन बसला, इतकंच.

आता भट्टीकडे. पुण्याच्या एका पेठेतल्या बेकरीत मी सलग काही रात्री काढल्या. पहिल्या रात्री आत गेले तर उघड्या अंगानं काम करणाऱ्या पाचही जणांनी घाईघाईनं सदरे चढवले. तिसऱ्या रात्री मीच म्हटलं, काढा बाबांनो, उकाडा आहे. सगळे उत्तर प्रदेशातले, एकाच गावचे. रात्री दहाला पीठ मळून पडतं. मैदा, पाणी, मीठ, थोडी साखर, खमीर. मग वाट बघणं. आंबताना त्या खोलीला गोडूस, किंचित दारूसारखा वास येतो. तो खराच दारूचा वास असतो. खमीर साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल सोडतं. वायू पीठ फुगवतो आणि अल्कोहोल भट्टीत उडून जातं. मैद्यातल्या प्रथिनांची ग्लुटेन नावाची चिवट जाळी तो वायू धरून ठेवते. जाळी जितकी ताणली जाईल तितका पाव उंच.

घरच्या गव्हाच्या पिठाचा पाव दगडासारखा होतो अशी तक्रार माझ्या मैत्रिणी करतात. चूक त्यांची नाही, गिरणीची आहे. चक्कीत दळताना स्टार्चचे कण घासून फुटतात आणि भरपूर पाणी पितात. त्यामुळं पोळी मऊ राहते. पण पावाला तेच नडतं, आणि वर कोंड्याची धारदार कुसळं ग्लुटेनची जाळी कापत जातात. पोळीसाठी शेकडो वर्षं घोटून घोटून बसवलेलं पीठ पावाच्या कामाला आणायचं म्हणजे कीर्तनकाराला कुस्तीत उतरवणं.

साडेतीनला भट्टी तयार आहे का ते त्यांच्या उस्तादांनी पाहिलं. उष्णतामापक नाही. चिमूटभर मैदा तळाच्या फरशीवर भिरकावला आणि बघत राहिले. झटकन काळा पडला. ओलं पोतं बांधलेला बांबू फरशीवरून फिरवला, वाफेचा लोट उठला, पुन्हा चिमूट. या वेळी मैदा सावकाश तांबूस झाला. "अब ठीक." ते पोतं फक्त राख पुसत नाही. त्याची वाफ पावाच्या सालीला पहिली काही मिनिटं ओलसर ठेवते, म्हणून पाव आतून फुगेपर्यंत साल फाटत नाही, आणि मग तीच साल कडक आणि चकचकीत होते. लांब दांड्याच्या लाकडी फळीनं पत्रे आत गेले. कडक पाव बाहेर आले तेव्हा निवताना त्यांच्या साली तडतडत होत्या, इतक्या बारीक आवाजात की सगळे गप्प बसले तरच ऐकू यावं. उस्ताद म्हणाले, बोल रहा है. त्यांना हे मला दाखवायचं होतं म्हणून त्यांनी दोन मिनिटं पंखासुद्धा बंद केला.

हा पाव सकाळी दहाच्या आत खावा. दुपारपर्यंत चालतो. संध्याकाळी तो शिळा असतो, पण वाळला म्हणून नव्हे. भाजताना मोकळा झालेला स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पाव चामट लागतो. गंमत अशी की हे काम सगळ्यात वेगानं होतं ते फ्रिजच्या थंडाव्यात. पाव फ्रिजमध्ये ठेवून आपण तो राखत नाही, म्हातारा करतो. फ्रीझरमध्ये ते थांबतं. आणि तव्यावर गरम केला की स्टार्च पुन्हा सैल होतो, पाव घटकाभर तरुण होतो. पावभाजीवाला लोणी लावून तव्यावर पाव दाबतो त्यात नुसती चव नाही, ही युक्तीही आहे. कारखान्याचा ब्रेड चार-पाच दिवस मऊ राहतो, त्यासाठी त्यात बरंच काही घालावं लागतं. २०१६ साली दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रानं ब्रेड-पावाचे ३८ नमुने तपासले, त्यांतल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट निघालं, आणि त्याच वर्षी ब्रोमेटवर बंदी आली. संध्याकाळी शिळा होणारा पाव हा त्या अर्थानं प्रामाणिक पाव.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत शहरांत नव्या बेकऱ्या आल्यात. काचेमागे लाकडी फळ्या, त्यांवर सावरडो, क्रोसाँ, फोकाच्या. अडीचशे-तीनशे रुपयांचा पाव. त्यांची टिंगल करणं सोपं आहे आणि मीही ती केलेली आहे, पहिल्यांदा खाईपर्यंत. सावरडो म्हणजे पाकिटाशिवाय, पीठपाण्यात आपोआप आलेल्या खमिरावर आणि आंबट करणाऱ्या जिवाणूंवर फुगवलेला पाव. अंबोळीचं पीठ रात्रभर ठेवणाऱ्या मालवणी बाईला यात नवल वाटण्यासारखं काही नाही, आणि सुरेवर पाव करणाऱ्या पदेराला तर नाहीच. किंमत मला अजून जड वाटते, पण त्यातले दीड दिवस आणि एका माणसाची जाग मोजली तर लादीपाव इतका स्वस्त कसा, हाच प्रश्न अवघड होऊन बसतो.

क्रोसाँ आणि खारी ही तर सख्खी नाही तरी चुलत भावंडं. पिठाच्या पोळीत लोणी गुंडाळायचं, लाटायचं, तीन पदरी घडी घालायची. असं तीनदा केलं की लोण्याचे सत्तावीस थर होतात. भट्टीत थरांतल्या पाण्याची वाफ पदर सुटे करते. क्रोसाँच्या पिठात खमीर असतं, खारीच्या नसतं. आणि खारीत लोण्याऐवजी वनस्पती तूप असतं, याला नुसती काटकसर म्हणू नये. लोणी बत्तीस-पस्तीस अंशांना वितळतं. मे महिन्यातल्या पुण्याच्या बेकरीत ते घडी घालायच्या आत वाहून जाईल. वनस्पती त्या उकाड्यात धीर धरतं. क्रोसाँ करणाऱ्याला आधी खोली थंड करावी लागते, मग पीठ लाटता येतं. खारीवाल्यानं हवामानाशी तडजोड केली, क्रोसाँवाला वीजबिल भरतो. चव कुणाची सरस, ते सकाळी साडेसहाला गरम खारी आणि आल्याचा चहा पुढ्यात असताना मला विचारू नये.

हे पुस्तक लिहून होत असतानाच जुन्या भट्ट्यांवर एक मोठं संकट आलं. मुंबईच्या हवेचा प्रश्न हाती घेऊन उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर आणायला सांगितल्या. भट्टीवाल्यांनी मुदत मागितली, खर्च मांडला, चव जाईल म्हणाले. चवीबद्दल मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. निखारे ओढून काढलेल्या भट्टीत धूर नसतोच फारसा. पाव घडवतो तो तापलेल्या विटांचा ताव, आणि तो गॅसनंही देता येतो. मात्र भट्टी उतरत जाण्याचा तो दिवसाचा क्रम, पाव, मग बिस्किटं, मग टोस्ट, तो गॅसच्या कळीबरोबर संपतो. कळ फिरवली की हवा तो ताव हव्या त्या वेळी. दोनला जाऊन पाचपर्यंत बसायचं कारण उरत नाही. आणि भट्टी पेटवतानाच्या धुरात रोज उभ्या असलेल्या माणसांची फुप्फुसं आठवली की मला या क्रमाबद्दल गळा काढायचा हक्क किती, असाही प्रश्न पडतो. या पुस्तकातल्या काही भट्ट्या तुम्ही वाचाल तेव्हा विझलेल्या असतील. त्यांचं वर्णन मी वर्तमानकाळातच ठेवलंय.

आभार मानायचे तर ज्यांचे मानायचे त्यांनी नावं घालू नका म्हणून सांगितलंय. काहींना मालकाची भीती, काहींना नुसता संकोच. पेठेतल्या उस्तादांना मी पहिली छापील प्रत घेऊन यायचं कबूल केलंय. मराठी वाचता येत नाही, पण फोटो बघेन म्हणाले, आणि अट घातली: साडेतीनच्या आत या, नंतर भट्टी चढते, मग बोलायला वेळ नसतो.

गावची बेकरी आता चाचांचा नातू चालवतो. डिझेलवर फिरणारी भट्टी घेतली आहे, बिस्किटं पुडक्यांत मिळतात. मागच्या मे महिन्यात मी आईचा तो डबा घेऊन गेले. घरचं पीठ आणलं तर करून द्याल का, विचारलं. त्यानं डब्याकडे पाहिलं, झाकणावर खिळ्यानं कोरलेलं आमचं आडनाव वाचलं, आणि विचारलं, "किती किलो?"